उन्हात न मेलेल्या पेशी

मायक्रोस्कोपखाली रंजनाच्या पेशी जिवंत होत्या आणि मी मॅडमना सांगितलं की त्या मेल्या. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. शहापूरला कुणी विचारलं, "पष्टे, तुमी मुंबईला लॅबमधी नेमकं करता तरी काय?" तर मी "रक्त तपासतो" म्हणतो आणि विषय बदलतो. आता सगळंच सांगतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर टेक्निशियन होतो. प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. पुढच्या प्रोजेक्टवर घ्यायचं की नाही, ते मॅडमच्या हातात. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख डॉक्टर. हुशार, कडक, आणि सदा घाईत.

माझं काम टायपिंगचं. टाइपरायटरवरचं नव्हे. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या बापाकडून. एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची तर आधी या खुणा जुळवून पाहतात. मॅडमना आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांत कोणत्या खुणा आढळतात ते पाहायचं होतं. मी त्याच भागातला, म्हणून गावोगाव फिरून रक्त आणायचं आणि ते तपासायचं, दोन्ही माझ्याकडे.

तपासणी अशी. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा ट्रे, त्यात बारीक बारीक खाचा. प्रत्येक खाचेत वेगळं सीरम, एकेक खूण ओळखणारं. त्यात माणसाच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या. खूण असेल तर सीरम तिला चिकटतं. मग कॉम्प्लिमेंट नावाचा पदार्थ घातला की ती पेशी मरते, वरून घातलेला रंग पिते आणि काळपट दिसते. खूण नसेल तर पेशी जगते आणि चमकत राहते. काळ्या खाचा पाहिल्या की त्या माणसाच्या खुणा कळल्या. शिवाय एक खाच अशी ठेवलेली असते, की तिथल्या पेशी मेल्याच पाहिजेत. दुसरी अशी, की तिथल्या जगल्याच पाहिजेत. या दोन खाचांना कंट्रोल म्हणतात. कंट्रोल बरोबर आला तर ट्रे बरोबर.

रंजनाचं घर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. बाप काशिनाथ, आई भीमाबाई, रंजना आणि तिच्यापेक्षा लहान दत्तू. मी ओटीवर सिरिंजा मांडत होतो तेव्हा भीमाबाईने माझी चौकशी चालवली.

"पष्टे म्हंजे कुठले तुमी?"

"मूळ खर्डीचे. आता शहापूरला."

"मंग आमच्या नणंदेच्या सासरकडचे की! म्हंजे भाऊच लागता."

काशिनाथ खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "झाला हिचा भाऊ. आता रगत दे, नि वरून चा पन पाज."

"पाजीन. तुमाला एक मेव्हना वाढला तं पोटात का दुखतं?"

"हायेत तेच मेव्हने लय झाले."

सगळे हसले. हे दोघं नवराबायको आते-मामे भावंडं होती. भीमाबाई काशिनाथच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात नवल नाही. मामाची मुलगी भाच्याने आधी मागायची, नाही मागितली तर मामाला राग येतो. असं लग्न आहे का, हे प्रोजेक्टसाठी विचारायचंच असतं. मी विचारलं आणि पुढे सरकलो.

रंजना चौदा-पंधरा वर्षांची होती. बोलता बोलता खोकायची आणि खोकून झालं की काहीच न झाल्यासारखी पुढचा शब्द उचलायची. नडगीवर पट्टी होती. नाकाच्या शेंड्याला एक चिघळलेला फोड. टीबी म्हणून तीनदा गोळ्यांचा कोर्स झाला होता. थुंकीत टीबी कधीच सापडला नव्हता.

मी तिच्या डाव्या हाताला पट्टा बांधला. शीर मिळेना.

"उजवा घ्या," ती म्हणाली. "डावा कामचुकार हाय." मग सिरिंज भरताना पाहून म्हणाली, "ओ मामा, बास की! भरायला मला किती जेवायला लागंल?"

भीमाबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, यात हिचं काय हाय ते कळंल ना? डाक्टर नुसत्या गोळ्या बदलतात. कोन काय सांगत नाय."

आमचा प्रोजेक्ट आजार शोधायचा नव्हता. तसं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "काही सापडलं तर मी स्वतः येऊन सांगेन."

हा शब्द मला कुणी द्यायला लावला नव्हता. मी आपणहून दिला.

पांढऱ्या पेशी फार नाजूक. त्यांना बर्फही चालत नाही आणि ऊनही. थर्माकोलच्या डब्यात ओलं फडकं घालून चौघांचं रक्त मी मुंबईला आणलं आणि चार ट्रे लावले. आई, बाप, दत्तू, तिघांचे ट्रे स्वच्छ वाचता आले. रंजनाच्या ट्रेमध्ये मरायच्या कंट्रोलची खाच सोडली तर प्रत्येक खाचेत पेशी चमकत होत्या. एकही खूण नाही.

सावंत म्हणून आमचे सीनियर टेक्निशियन होते. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाले, "कोरा चहा असतो, पष्टे. कोरा माणूस मी अजून पाहिला नाही."

त्यांच्या बोलण्याला कारण होतं. काही महिन्यांपूर्वी मी कॉम्प्लिमेंट घालायला विसरलो होतो आणि एका खेपेचे सगळे ट्रे असेच कोरे आले होते. ही सीरमं तेव्हा बाजारात सहज मिळत नसत. मॅडम परदेशातल्या लॅबना पत्रं लिहून, आर्जवं करून ती मागवायच्या. वाया गेलेला ट्रे त्यांच्या जिवाला लागायचा.

मॅडमनी मला बोलावलं. "परत तेच?"

"नाही मॅडम, यावेळी कंट्रोल..."

"कंट्रोल मला शिकवू नका. आईबापाच्या खुणा आहेत, भावाच्या आहेत, आणि मुलगी आकाशातून पडली? तुमचा हात चुकलाय. ताजं रक्त आणा. आणि हे शेवटचं, पष्टे."

शेवटचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

मी पुन्हा मुरबाडला गेलो. मे महिना होता. मला परत आलेला पाहून भीमाबाईचा चेहरा उजळला.

"काय तरी सापडलं असंल, म्हनून आलात ना?"

"पुन्हा एकदा बघायचंय," मी म्हणालो.

"का ओ, पयलं सांडलं का?" रंजना म्हणाली आणि उजवा हात पुढे करून बसली. आईने तिला डोळ्यांनी दटावलं. निघताना भीमाबाईने माझ्या पिशवीत करवंदं घातली.

या खेपेला मी सगळं दोनदा पडताळलं. कॉम्प्लिमेंट नव्या कुपीतलं घेतलं. शेजारच्या ट्रेमध्ये माझ्याच पेशी लावल्या. माझा ट्रे व्यवस्थित आला. रंजनाचा ट्रे कोरा. ज्या कंट्रोलमध्ये पेशी मरायला हव्यात तिथे त्या मेल्या होत्या, म्हणजे कॉम्प्लिमेंट काम करत होतं. जगायला हव्यात तिथे जगल्या होत्या, म्हणजे प्रवासात रक्त बिघडलेलं नव्हतं. ट्रे बरोबर होता. मुलीच्याच पेशींवर खुणा नव्हत्या. हे मला तेव्हा, त्या स्टुलावर बसल्या बसल्या स्पष्ट कळलं होतं. 'मला समज नव्हती' असं मी म्हणू शकत नाही.

मॅडम मीटिंगला निघाल्या होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "मुरबाडच्या मुलीचं काय झालं?"

कोरा म्हटलं असतं तर त्या आत आल्या असत्या. कदाचित मायक्रोस्कोपला डोळा लावला असता. कदाचित माझी नोकरी गेली असती. मला फक्त हे दुसरं दिसत होतं. घरी नुकतंच मूल झालं होतं.

"उन्हात मेल्या मॅडम. सगळ्या."

"मेमध्ये दुसरं काय होणार. सोडा तिला. ते घरच काढून टाका यादीतून." आणि त्या गेल्या.

मी ट्रे कचऱ्याच्या डब्यात टाकला. मुरबाडला गेलो नाही. पुढचा प्रोजेक्ट मिळाला, त्याच्या पुढचाही, आणि शेवटी कायम झालो. सुरुवातीला भीमाबाईची आठवण यायची. मग महिनोन् महिने यायची नाही. हेही लिहायला हवं.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार पाचच्या पुढेमागे, आमच्या संस्थेत बाहेरच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. टेक्निशियन मंडळी मागच्या रांगेत बसायची, नंतरच्या समोशासाठी. विषय होता नॅचरल किलर पेशी. आम्ही एनके म्हणतो. या पेशी आपल्या खुणा ओळखायला कशा शिकतात, हे ते सांगत होते.

माझे वडील वनखात्यात गार्ड होते, लाकडाच्या नाक्यावर. परवानगीने तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. वडील ओंडक्यात वाईट काय ते शोधत बसत नसत. ठसा आहे का, तेवढं बघत. ठसा नसला की गाडी बाजूला. एनके पेशी तशीच. शरीरातले दुसरे पहारेकरी शत्रूला ओळखतात. एनके आपली खूण कुठे नाहीशी झाली ते बघते. व्हायरस शिरलेली किंवा कॅन्सर झालेली पेशी पुष्कळदा लपण्यासाठी स्वतःच्या खुणा काढून टाकते, आणि नेमकी तिथेच एनकेच्या हाती लागते.

पण ही अक्कल एनकेला आयती मिळत नाही. ती तयार होत असते तेव्हा आजूबाजूच्या पेशींवरची खूण तिच्या हाताला सारखी लागत राहते. जिला खूण अशी पुन्हा पुन्हा भेटली, तिच्याच अंगात बिनखुणेच्या पेशीला मारायचं बळ येतं. जिला कधीच भेटली नाही, ती ढिली राहते. ज्या गार्डाने जन्मात ठशाचा ओंडका पाहिला नाही, तो बिनठशाचा अडवणार कसा?

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "ज्या मुलाच्या एकाही पेशीवर खूण नसेल, त्याचं काय? त्याच्या एनके त्यालाच खाणार नाहीत?"

"नहीं खाते," ते डॉक्टर म्हणाले. "उसी घर में सीखे हैं ना." आणि त्यांनी सांगितलं की अशी मुलं असतात. फार थोडी. बहुतेकदा नात्यातल्या लग्नातून झालेली. त्यांच्या पेशीत खूण तयार होते, पण ती वर पोचवणारी वाट बंद असते. जन्मतः धडधाकट दिसतात. मग सर्दी हटत नाही, छाती भरत राहते, पायांवर आणि नाकावर जखमा होतात. इतर वेळी ढिल्या असलेल्या एनके मोठ्या आजारात चवताळतात आणि स्वतःच्याच कातडीवर उठतात, अशी एक शंका आहे. पक्कं अजून कुणाला माहीत नाही.

मग पडद्यावर एक ट्रे आला. एक कंट्रोल सोडून सगळ्या खाचा चमकणाऱ्या.

"टायपिंगमध्ये हे पेशंट असे कोरे येतात," ते म्हणाले, "आणि लॅबवाले सांगतात, सर, सॅम्पल मेलं."

सगळा हॉल हसला. सावंतांच्या जागी आलेला मुलगा माझ्या शेजारी होता. त्याने हसत मला कोपर मारलं, "तुमच्यावरच आहे, पष्टेसाहेब." मी समोशाला थांबलो नाही.

रजा टाकून मुरबाडची एसटी धरली. भीमाबाईने मला लगेच ओळखलं. मी ओटीवर बसायच्या आत तिने सांगितलं, "रंजी नाय आता."

मग तीच बोलत राहिली. नाकाची जखम वाढत गेली. गावात लोक कुष्ठ म्हणू लागले. पाण्याला गेली की बाया हंडे बाजूला घ्यायच्या. मग कुणीतरी मोठ्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे नव्या गोळ्या मिळाल्या, भारीतल्या.

"जखमा सुकल्या ओ भाऊ. तोंड असं गोल झालं. मी शेजारणींना दाखवायची, बगा, रंजी भरली. नि मंग एकदम छातीच भरली."

गोल तोंड म्हटल्यावर मला कळलं. स्टेरॉइड. शरीराची लढायची ताकद दाबणारं औषध. जखम पाहून दिलं असेल, देणाऱ्याला दोष नाही, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण या आजारात नेमकं तेच टाळायचं असतं. रोज पाठ थोपटून कफ काढायचा, ताप आला की वेळेवर अँटिबायोटिक द्यायचं, आणि प्रतिकारशक्ती दाबायची नाही. आजार बरा होत नाही, पण अशी काही माणसं पुष्कळ वर्षं जगतात. त्यातलं बरंचसं मुरबाडमध्येसुद्धा करता आलं असतं.

"तुमची लय आठवन काढायची," भीमाबाई म्हणाली. "मला इचारायची, ते रगतवाले मामा आले नाय गो? मी सांगायची, भाऊ सबदाचा पक्का हाय. सापडलं नसंल अजून काय. सापडलं की येल."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली कुठे ठेवायचा ते मला सुचेना.

तेवढ्यात काशिनाथ आला. थकला होता, पण जीभ तीच. "या मेव्हने! यंदा बरं आलात. दत्तूचं लगीन काढलंय. हिच्या भावाचीच पोर."

"पुन्हा नात्यात?" माझ्या तोंडून गेलं.

"मंग? परकी कोन देतंय आमाला? दोन ठिकानी बोलनी झाली. रंजीचं आयकलं नि दोघंबी मागं सरले. मामानं सांगितलं, भाच्यासाठी माजी पोर हाय. मामा तं मामाच."

दत्तू आत उभा होता. चांगला उंच, निरोगी. त्याच्या अंगात हा दोष अर्धा असू शकत होता. अर्धा दोष बाहेरून दिसत नाही आणि त्रासही देत नाही. भीमाबाईच्या अंगात तो नक्की होता, म्हणून तिच्या भावाच्या मुलीतही असू शकत होता. दोन अर्धे एकत्र आले तर पुढची रंजना. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासलं तर कळू शकलं असतं. कुठे पाठवायचं ते मला माहीत होतं.

त्यासाठी आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. कोरा ट्रे, ऊन, मॅडम. शिवाय मी बोललो आणि हेही लग्न मोडलं तर? मी स्वतःला असं विचारलं आणि त्या प्रश्नाच्या आड बसलो. निमित्त चांगलं होतं, पण ते निमित्तच होतं. मी घाबरलो होतो, पहिल्या वेळेसारखाच.

भीमाबाईने विचारलं, "मंग भाऊ, आज कसं येनं केलंत?"

"इकडे काम होतं," मी म्हणालो.

लग्नाचं बोलावणं आलं. मी गेलो नाही. नंतर शहापूरच्या बाजारात तिच्या नणंदेच्या घरचे भेटले. दत्तूला मुलगी झाली, चालायला लागली, म्हणाले. तिला खोकला आहे का, हे मी विचारलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. टायपिंगची ती पद्धतही गेली. आता मशीनवर थेट जनुकं वाचतात. या मुलांमध्ये खुणेचं जनुक शाबूत असतं, खूण फक्त पेशीवर पोचत नाही. त्यामुळे नवं मशीन रंजनाचं टायपिंग अगदी व्यवस्थित देईल. कोरा ट्रे दिसायची सोयच राहिलेली नाही. नव्या मुलांना मी तरीही सांगतो, कंट्रोल बरोबर असेल तर जे दिसतंय ते सांगा, साहेब कितीही घाईत असो. ती मान हलवतात. त्यांना वाटतं म्हातारा सीरम वाचवायच्या काळातलं बोलतोय.

भीमाबाईला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. रंजनाच्या रक्तात सापडलं होतं, दोन्ही वेळा, आणि ते मी दडवलं. आणि नातीचं रक्त आत्ताच तपासून घ्यायला हवं. हे मी त्या घराचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.